पाहुणे येऊ देत, पाणी वाया नको

एप्रिलच्या परीक्षा संपल्या, शाळांना सुट्टी लागली, की काल्हेरमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भल्या सकाळी एकच चौकशी सुरू होते. ‘पाणी आलं का?’ ‘ए विंगला आलंय, बी कोरडी.’ ‘प्रेशरच नाही.’ ‘टँकर सांगितलाय का कुणी?’ गावठाणात आणि चाळींत ग्रुपची गरज पडत नाही. नळातून हवेचा फुस्सकन आवाज आला की अख्ख्या आळीला बातमी कळते आणि हंडे-बादल्यांची खडखड सुरू होते.

नेमके हेच दिवस आपली घरं भरायचे. खानदेशातून मावशी येते, मराठवाड्यातून भाचरं येतात, कोकणातले आजी-आजोबा नातवंडांकडे राहायला येतात. गावात हळदी आणि लग्नं लागोपाठ. गच्चीवर मिरच्या, धणे, पापड, कुरडया. चार माणसांच्या घरात आठ माणसं आणि सगळी घामाघूम. दिवसातून दोनदा अंघोळ, रोज मशीनभर कपडे, सरबतं, पेले आणि पुन्हा ते पेले धुणं. घरातली मागणी सर्वांत जास्त आणि धरणातला साठा सर्वांत कमी, अशी गाठ दरवर्षी याच दोन महिन्यांत पडते.

म्हणून हे लिहिणं आत्ता, सुट्टीच्या तोंडावर. पाणी कमी येतं ही तक्रार आपण करतोच आणि ती करत राहायलाच हवी. लाइन फुटली, दाब पडला, तर जाब विचारणं हा आपला हक्क आहे. पण उंबऱ्याच्या आत आलेल्या पाण्याचं काय? त्यातलं बरंच आपण न वापरताच घालवतो. ते वाचवायला ना ठराव लागतो, ना निविदा. यंदाच्या सुट्टीत तेवढं एक काम आपण सगळे मिळून अंगावर घेऊ या.

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू. खाडी आपल्या उशाला आहे, पण ती खारी. भिवंडी तालुक्यातल्या आपल्यासारख्या खाडीकाठच्या गावांना नदीचं पाणी येतं ते मुख्यतः स्टेमकडून. स्टेम म्हणजे शहाड-टेमघर. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि मोठ्या वाहिन्यांतून पुढे सोडायचं. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद अशा चौघांची मिळून ही कंपनी. ग्रामपंचायतींचा वाटा त्यातूनच निघतो. एका नदीला किती तोंडं लागली आहेत बघा!

आणि ती नदी तरी मे महिन्यात स्वतःच्या पाण्यावर कुठे वाहते? उन्हाळ्यात उल्हासमध्ये जे पाणी दिसतं ते बहुतेक वरून सोडलेलं. काही एमआयडीसीच्या बारवी धरणातून. काही आंध्र धरणातून, आणि हे धरण तर घाटावर, मावळात. तिथलं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली उतरतं, कर्जतजवळच्या भिवपुरी वीजघरात चक्रं फिरवतं आणि मग उल्हासला मिळतं. हे वीजघर १९२२ पासूनचं. काल्हेरच्या मोरीत आज आपण जो तांब्या उपडा करतो, तो गेल्या जुलैत मावळच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस असू शकतो.

धरणातला साठा १५ जुलैपर्यंत पुरला पाहिजे, असा हिशेब दरवर्षी मांडला जातो. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणार असं कॅलेंडर सांगतं, पण कॅलेंडरवर धरण सोडून चालत नाही. साठा कमी दिसला की कपात लागते. कपातीच्या दिवशी पुरवठा बंद, आणि नंतरचा एखाद-दुसरा दिवस कमी दाब. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा. दाब पूर्ववत होतोय न होतोय तोच पुढची कपात दारात उभी.

त्यात आपलं गाव एका विचित्र जागी अडकलेलं आहे. काल्हेर कागदावर अजून ग्रामपंचायत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी हे माप धरलेलं आहे, तर शहरात माणशी १३५ लिटर हे माप वर्षानुवर्षं चालत आलंय. आपण राहतो मात्र लिफ्टच्या इमारतींत, दोन-दोन बाथरूमच्या घरांत. काशेळी पूल ओलांडला की अंजूरफाट्यापर्यंत एका बाजूला गोदामं, एका बाजूला टॉवर आणि मधोमध मेट्रो-५ चे खांब. मेट्रो धावू लागली की माणसं आणखी येतील. येऊ देत, आपणही कधी तरी असेच आलो. पण गावाच्या मापाचं पाणी आणि शहराच्या मापाचा वापर हे गणित कुठल्याच टँकरला सुटणारं नाही.

आता घरात या.

ज्या नासाडीची मोजदाद कुणीच करत नाही ती आपल्या ओट्याशेजारी उभी असते. सकाळी पाणी येतं. स्टीलच्या पिंपात कालचं अर्धं पाणी शिल्लक असतं, माठात तळाशी चार तांबे असतात, दोन कळशा भरलेल्या असतात. हे सगळं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतलं जातं, भांडी घासली जातात आणि ‘ताजं’ पाणी भरलं जातं. धरणात आठ-नऊ महिने राहिलेलं, नदीतून वाहत, टेमघरच्या टाक्यांतून गाळत, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढून मग नळाला आलेलं पाणी आपल्या झाकलेल्या पिंपात एका रात्रीत शिळं होतं, हे खरोखर अजब आहे!

पिंपाला झाकण असेल, पाणी हात न बुडवता ओगराळ्यानं काढत असाल, तर कालचं पाणी आज बिनघोर पिता येतं. देवाला ताजं पाणी हवं, ते हवंच. त्याला एक तांब्या पुरतो. पिंप का रितं करायचं? घरातल्या मोठ्या बायकांशी हे बोलताना जरा बेतानं घ्यावं लागतं हे खरं, पण ज्या आजींनी तरुणपणी विहिरीवरून कमरेवर कळशी आणली आहे, त्यांना पाण्याची किंमत आपण सांगायला नको. उलट अनेक घरांत त्याच बरोबर बोलतात आणि आपण त्यांना गप्प बसवतो.

एक गोष्ट मात्र पाळायची. साठवलेल्या पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करायचीच. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून आरोग्य खातं कोरडा दिवस पाळायला सांगतं. पण कोरडा दिवस म्हणजे पाणी गटारात सोडायचा दिवस नव्हे. त्या दिवशी तेच पाणी फरशीला, तेच संडासच्या बादलीत, तेच गॅलरीतल्या कुंड्यांना.

आरओचंही तसंच. घरगुती आरओ मशीन एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. आठ माणसं घरात असताना ती बारीक नळी दिवसभर सिंकमध्ये गळत राहते आणि कुणाचं लक्ष नसतं. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलीग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ च्या मे महिन्यातच दिला होता. नदीचं पाणी सहसा त्या मर्यादेच्या आत असतं. आपल्याकडे गोम अशी की काही टाक्यांत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं. म्हणून अंदाजावर जाऊ नका. मशीनच्या सर्व्हिसला येणाऱ्या माणसाकडे पेनाएवढा टीडीएस मीटर असतो, आपल्या नळाचं पाणी त्याच्याकडून मोजून घ्या. आकडा कमी निघाला तर साधं यूव्ही मशीन भागवतं. आरओ ठेवायचाच असेल तर त्या नळीखाली बादली लावा. ते पाणी लादी पुसायला आणि संडासला उत्तम. झाडांना नको, त्यात क्षार जास्त असतात.

आता पाहुणे. आपल्याकडे पाहुण्याला आल्या आल्या पाणी विचारायची रीत आहे आणि ती मोडायची गरज नाही. मोडली आहे ती दुसरीच रीत. पूर्वी पाहुण्यापुढे तांब्या-भांडं ठेवत. पाहुणा हवं तेवढं ओतून घेई, उरलेलं तांब्यातच राही. आता ट्रेमधून काठोकाठ भरलेले काचेचे ग्लास येतात. पाहुणा दोन घोट घेतो, बाकीचं सिंकमध्ये. तांब्या-भांडं परत काढा. माळ्यावर असेल, नक्की असेल.

मुलांना शॉवरची हौस असते, विशेषतः ज्यांच्या गावी शॉवर नाही त्यांना. दहा मिनिटांच्या शॉवरला ८० ते १०० लिटर सहज जातात. बादलीत अंघोळ एका २० लिटरच्या बादलीत होते. सुट्टीत चार भाचरं आली तर फरक किती पडतो हे त्यांनाच गणित म्हणून घाला. दात घासताना नळ सोडून ठेवला तर मिनिटाला सहा लिटरच्या हिशेबानं तीन मिनिटांत १८ लिटर. एका भांड्यात हेच काम होतं.

आणि मराठवाड्यातून आलेल्या पाहुण्यांपुढे पाणी जपायला लाजू तर अजिबात नका. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी. ज्यांनी ते दिवस काढले ते तुमच्या अर्ध्या भांड्याला हसणार नाहीत. तेच तुम्हाला चार युक्त्या शिकवतील.

स्वयंपाकघरातलं झटकन सांगून टाकू, कारण हे आपल्या घरातल्या बायकांना पाठ आहे आणि घरातल्या पुरुषांनी एकदा वाचलेलं बरं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, ते पाणीही झाडांनाच. बोंबील-कोळंबी वाहत्या नळाखाली न धुता घमेल्यात धुवा आणि ते पाणी कढीपत्त्याला किंवा माडाला घाला. तुळशीला मात्र नको, नाही तर घरात वेगळीच टंचाई सुरू होईल. वॉशिंग मशीन अर्धं भरून लावायचं नाही. एसीच्या पाइपाखाली बादली ठेवली तर मे महिन्यात लादी पुसण्यापुरतं पाणी फुकट मिळतं.

हळदीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. आपल्या आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री जी गर्दी होते ती लग्नालाही होत नाही. मंडप, वाजंत्री, नाच, पहाटेपर्यंत जेवणं. आनंदाची रात्र आहे, ती तशीच दणक्यात व्हावी. फक्त सकाळी मंडप झाडताना एकदा नीट पाहा. प्रत्येक खुर्चीखाली २०० मिलीलिटरची एक बाटली, झाकण उघडलेलं, पाणी अर्धं. मागच्या बाजूला केटररची पोरं पाइप सोडून टोप घासतायत, आणि पाइपाचं पाणी घमेल्यात न पडता जमिनीवर वाहतंय.

हजार पाहुण्यांनी अर्धी-अर्धी बाटली टाकली की १०० लिटर पाणी गेलं. प्यायचं, विकत घेतलेलं. एका खोलीत राहणाऱ्या पाच कामगारांना ते प्यायला चार-पाच दिवस पुरलं असतं. काय करता येईल? मंडपात चार कोपऱ्यांत नळाचे जार आणि धुतलेले स्टीलचे पेले ठेवा. घरातल्या दोन पोरांवर पाण्याचं खातं सोपवा. डीजेचं खातं सांभाळायला दहा जण पुढे येतात, पाण्याला दोन मिळतील. बाटल्या ठेवायच्याच असतील तर दाराशी एक रिकामं पिंप ठेवून अर्ध्या बाटल्यांचं पाणी त्यात ओतायला सांगा. सकाळी भांडी धुवायला तेच येईल. केटररला आगाऊ सांगा की टोप आधी भिजत घालायचे, मग तीन घमेल्यांत धुवायचे. आणि मंडपातली धूळ बसवायला प्यायच्या पाण्याचा सडा नको. यात यजमानाचा कमीपणा नाही. एखाद्या मोठ्या घरानं हे सुरू केलं तर पुढच्या हंगामात सगळा गाव करेल. आपल्याकडे चांगली-वाईट कुठलीही पद्धत हळदीच्या मंडपातूनच पसरते.

दुसरं मोठं काम आहे गळतीचं. आणि त्यासाठी शेजारच्याच मीरा रोडचं उदाहरण घेण्यासारखं आहे.

‘बहादूर’ आणि ‘ढब्बूजी’ ही चित्रकथेतली पात्रं घडवणारे आबिद सुरती. लेखक, चित्रकार, कथासंग्रहाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. थेंब-थेंब गळणारा नळ महिन्याला हजार लिटर पाणी घालवतो, असं त्यांनी कुठे तरी वाचलं. २००७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी ठरवलं की दर रविवारी एका प्लंबरला सोबत घेऊन घरोघर जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. पहिल्याच वर्षी ते १,६६६ घरी गेले आणि ४१४ नळ दुरुस्त केले. बहुतेक नळांना लागला काय, तर रबराचा एक नवा वायसर. हजाराच्या हिशेबानं ४ लाखांहून अधिक लिटर पाणी राहिलं. त्या मीरा रोडच्या महापालिकेलाही स्टेमकडून पाणी येतं, म्हणजे त्याच उल्हासचं. तिथे जमलं ते इथे का जमू नये?

प्लंबर लोक एवढ्याशा कामाला येत नाहीत, ही खरी अडचण आहे. एका वायसरसाठी कोण येणार? म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, इमारतीचं आहे. सोसायटीनं एक रविवार ठरवावा, एका प्लंबरला दिवसाची मजुरी द्यावी आणि तळापासून वरपर्यंत सगळे फ्लॅट फिरावेत. ज्या चाळीत सोसायटी नाही तिथे चार घरांनी वर्गणी काढावी. टँकरच्या एका खेपेच्या पैशात पुष्कळ वायसर येतात.

आणि त्या रविवारच्या आधी ही यादी करायला पोरांना लावा. सुट्टीत ती नाही तरी ‘बोअर होतंय’ करत मोबाइल घेऊन बसलेली असतात. त्यांना तपास करू दे. रात्री प्रत्येक नळाखाली पेला ठेवायचा, सकाळी मोजायचा आणि वहीत लिहायचा. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं फ्लश ओढायचा नाही. खाली भांड्यात रंग उतरला की टाकी गळते आहे. ही गळती आवाज करत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि सगळ्यांत जास्त पाणी बऱ्याचदा तीच नेते. फ्लशची टाकी जुनी, एका दमात दहा-बारा लिटर सोडणारी असेल तर तिच्यात पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली उभी ठेवा. दर वेळी एक लिटर वाचतं. रात्री इमारतीतले सगळे झोपले असताना सोसायटीच्या मीटरचा काटा फिरतोय का, हेही मोठ्या मुलांना तपासू दे. फिरत असेल तर पाणी कुठे तरी चोरवाटेनं जातंय.

गच्चीवरच्या टाकीचं तर सगळ्यांना माहीत आहे. पंप सुरू करून वॉचमन गेटवर जातो, टाकी भरते आणि वरून धबधबा सुरू होतो. दोष त्याला देऊ नका. रात्रभर जागून पहाटे त्याला डुलकी लागते. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा कंट्रोलर बसवा आणि बॉल कॉक वेळेवर बदला.

सुट्टीत सगळेच पाहुणे घेत नाहीत, अर्धं काल्हेर गावी जातं. गावी निघताना आपण गॅस बंद करतो, मेन स्विच बंद करतो, देवाला नमस्कार करतो. पाण्याचा कॉक मात्र उघडाच. मग महिनाभर बंद घरात फ्लश गळत राहतो आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते तेव्हा पत्ता लागतो. निघताना फ्लॅटचा मेन कॉक बंद करा. मेन कॉक कुठे आहे तेच ठाऊक नसेल, तर आज शोधा.

आता थोडं कटू. पाणी कमी आलं की काही जण नळाच्या लाइनला थेट पंप लावतात. पंपवाल्याची टाकी भरते आणि पुढच्या चार घरांचा नळ सुकतो. ती चार घरं कुणाची असतात? बहुधा ज्यांच्याकडे टाकी नाही त्यांची. गोदामांत माल चढवणारे-उतरवणारे, टेम्पो चालवणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका. टॉवरमध्ये पाणी उशिरा आलं तर आपण टँकर मागवतो. चाळीतल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, कारण ती नळाजवळ थांबलेली असते. आपल्या नळातून वाचलेलं पाणी आपोआप तिच्या हंड्यात जाईल असं सरळ काही होत नाही, हे मान्य. पण आपल्या टाक्या लवकर भरल्या तर लाइनवरचा ओढा कमी होतो, आणि टँकर कमी लागले तर बोअरचा उपसा कमी होतो. खाडीकाठी हे फार महत्त्वाचं. बोअरमधून गोडं पाणी जास्त ओढलं की त्या जागी खाडीचं खारं पाणी सरकतं, आणि एकदा खारावलेली बोअर सहजासहजी गोडी होत नाही.

शेजारच्या शहापूर तालुक्याकडे एकदा पाहा. तानसा, भातसा ही धरणं तिथली. माणूस उभा राहील एवढ्या जाड वाहिन्यांतून त्यांचं पाणी आपल्या भिवंडी तालुक्यातून मुंबईला जातं. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. धरण शेजारी असलं म्हणजे पाणी मिळतंच असं नाही. ते वाटून घ्यायची अक्कल लागते.

ती अक्कल अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दाखवली. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाऊस पडला, किती मुरला, त्यावर कुठलं पीक घ्यायचं. काल्हेरला पिकाचा प्रश्न आता फारसा उरला नाही, पण सोसायटीचा ताळेबंद का नसावा? जिन्यात एक फळा लावा. या आठवड्यात नळाचं पाणी किती आलं, टँकर किती आले, पैसे किती गेले. आकडा डोळ्यांपुढे असला की भांडणं कमी होतात आणि वापरही.

आणि शेवटची, पण मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट. आपल्या भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो. एक एकर छप्पर धरलं, म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर, तर त्यावर वर्षाला एक कोटी लिटर पाणी पडतं. लातूरला गेलेल्या त्या पहिल्या गाडीसारख्या वीस गाड्या! आणि काल्हेरमध्ये छपरांची काय कमी? गोदामांचं गाव म्हणून आपल्याला सगळा देश ओळखतो. हे पत्र्याचं पाणी आज पन्हाळीतून रस्त्यावर येतं, गुडघाभर साचतं आणि खाडीला मिळतं. सगळं अडवता येणार नाही. पण प्रत्येक कंपाउंडनं एका गोदामाच्या पन्हाळीला पाइप, गाळणी आणि टाकी जोडली, तर गाड्या धुण्याचं, संडासचं पाणी पावसाळाभर नळातून घ्यावं लागणार नाही. उरलेलं जमिनीत मुरवलं तर बोअरला आधार होईल. गावठाणातल्या ज्या जुन्या विहिरींत आता निर्माल्य आणि थर्माकोल पडतं, त्या उपसून घ्यायचीही हीच वेळ आहे. मे महिन्यात पाणी तळाला असतं, गाळ काढणं सोपं जातं. गोदाम मालक आपलेच गाववाले आहेत, नाही तर ओळखीचे आहेत. कुणी नीट जाऊन बोलायचं बाकी आहे.

बोलायला जागाही आहे आणि तारीखही. १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, गावोगाव ग्रामसभा भरते. बरोबर सुट्टीच्या तोंडावर. त्या दिवशी आपल्यापैकी बरेच जण झेंडावंदन झाल्यावर घरी जातात, आणि टॉवरमधले तर ग्रामसभा आपली नाहीच असं समजतात. मतदारयादीत नाव असेल तर ती आपलीच आहे. या वेळी जाऊ या. गळक्या लाइनची दुरुस्ती, थेट लाइनवर लावलेले पंप, विहिरींचा गाळ आणि गोदामांच्या छपराचं पाणी हे चार विषय आधीच लेखी देऊ या, म्हणजे ते पत्रिकेवर येतील. त्याआधी ग्रामपंचायत महिलांची सभा घेते, तिथे घरातल्या बायकांना जाऊ द्या. खरं तर, तुम्ही स्वयंपाक सांभाळा आणि त्यांना पाठवा. आणि येताना पोरांनी केलेल्या गळक्या नळांच्या याद्या सोबत आणा.